बेडकांचे पासपोर्ट फोटो

माझी मैत्रीण पहिल्यांदा बेडूक घेऊन आमच्या स्टुडिओत आली, तेव्हा बाबांना वाटलं ती जेवणाचा डबा घेऊन आलीय. त्यात त्यांची काही चूक नव्हती. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि दुपारचे तास संपले की उज्जैनच्या फ्रीगंजातल्या आमच्या फोटो स्टुडिओत डबा खायला यायची. तोच स्टीलचा तीन पुडांचा डबा, तोच हातात लटकवायचा तिचा ढंग. फक्त त्या दिवशी प्रत्येक पुडाला खिळ्याने भोकं पाडलेली होती.

"आज काय आणलं?" बाबांनी काउंटरवरून विचारलं.

"तीन नर," ती म्हणाली. "काका, फोटो काढायचेत त्यांचे. पासपोर्ट साइझ चालतील."

बाबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि मला हाक मारली.

स्टुडिओ बाबांचा होता, पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागल्यापासून कॅमेरा माझ्याकडे आला होता. मला कामाची कमी नव्हती. मुलींचे दाखवायचे फोटो बाईने काढलेले बरे, असं लोकांना वाटायचं. शिवाय ती वर्षंच तशी होती. जो तो कसला ना कसला फॉर्म भरत होता. कुणी कॉम्प्युटर क्लासचा, कुणी शेअरचा, कुणी एसटीडी बूथचा. देशाचे दरवाजे उघडले असं पेपरात रोज छापून यायचं, आणि त्या दारातून आत शिरायला प्रत्येकाला दोन पासपोर्ट फोटो लागत होते. तेव्हा बेडकांना का लागू नयेत, असा माझ्या मैत्रिणीचा युक्तिवाद होता.

आम्ही दोघी पाचवीपासून एका बाकावरच्या. आमचं घराणं उज्जैनमध्ये पाच-सहा पिढ्यांचं, कधीकाळी दरबारी कारकुनी करायला आलेलं. तिचे वडील रेल्वेच्या नोकरीत बदली होऊन आले आणि इथेच राहिले. ती मला "दरबारी" म्हणायची, मी तिला "बदलीवाली". ती शाळेत असल्यापासून खिशात काहीतरी जिवंत बाळगायची, एवढं सोडलं तर अगदी सरळ मुलगी होती.

तर त्या दिवशी तिने पहिला पूड उघडला. आत ओल्या फडक्यावर एक पिवळाजर्द, तळहाताएवढा बेडूक बसला होता आणि आमच्याकडे अत्यंत नाराजीने बघत होता. पावसाळ्यात हे मोठे बेडूक असे पिवळे होतात, माद्यांना दिसावं म्हणून. आमच्याकडे लग्नाळू मुलं पिवळा शर्ट घालून फोटोला येत त्यातलाच प्रकार.

बाबा जवळ आले. आयुष्यभर त्यांनी एक नियम पाळला होता, तो त्यांनी आत्ताही सांगितला. "पासपोर्टला दोन्ही कान दिसले पाहिजेत."

"दिसतात की काका," ती म्हणाली, आणि बेडकाच्या डोळ्यामागची गोल चकती बोटाने दाखवली. "हा बघा कान. माणसांपेक्षा नीट दिसतो."

बाबांनी वाकून दोन्ही बाजूंनी खात्री करून घेतली आणि म्हणाले, "मग ठीक आहे. बसव त्याला स्टुलावर."

मी स्टुलावर ओला टॉवेल घातला, बेडूक ठेवला आणि दिवे लावले. पुढच्या क्षणी स्टुलावर फक्त टॉवेल होता. बेडूक आमच्या मागच्या पडद्याकडे गेला होता. त्या पडद्यावर तळं, हंस आणि लांबवर बर्फाचे डोंगर रंगवलेले होते. तळं खोटं आहे हे त्याला पडद्यावर आपटल्यावर माहीत पडलं असणार. त्याला शोधण्यात अर्धा तास गेला. तो सापडला प्लॅस्टिकच्या फुलांच्या कुंडीत, तेही तो आतून ओरडला म्हणून. तोवर बाहेर एक कुटुंब ग्रुप फोटोसाठी येऊन बसलं होतं. त्यांना बाबा शांतपणे सांगत होते, "दो मिनट, अंदर एक पार्टी और है."

तिघांचे फोटो झाल्यावर ती म्हणाली, "दिव्याचा ताप त्यांना सोसत नाही. उद्यापासून तूच चल तळ्यावर."

"कशासाठी पण?"

तेव्हा तिने नीट सांगितलं. तिला पीएच.डी.साठी हे बघायचं होतं, की दर पावसाळ्यात तळ्यावर जमणारे बेडूक तेच असतात की दुसरेच, आणि तेच असतील तर आपापल्या जागेवर परत येतात का. म्हणजे प्रत्येक बेडूक ओळखता यायला हवा. जे तिचे मार्गदर्शक, तेच तिच्या विभागाचे प्रमुख होते. त्यांनी तेव्हाची रुळलेली पद्धत सांगितली होती: प्रत्येक बेडकाच्या बोटांची टोकं वेगवेगळी कापायची. याचं उजवं तिसरं, त्याचं डावं दुसरं. मग बोटं मोजली की ओळख पटते.

"मी बी.एस्सी.पासून बेडूक कापतेय," ती म्हणाली. "आता वर्गाला कापायला शिकवते. एकदा तरी न कापता त्याच्याबद्दल काही माहीत करून घेऊ दे. तू गिऱ्हाइकांची बोटं कापून ठेवतेस का, पुढच्या वेळी ओळखायला?"

"सर काय म्हणाले?"

"सर म्हणाले, फोटोग्राफी शौक है, साइंस नहीं. करना है तो अपने खर्चे से करो."

म्हणून ती माझ्याकडे आली होती. प्रत्येक बेडकाच्या पाठीवरचे ठिपके, वळ्या आणि मधली फिकट रेघ वेगळी असते, हे तिच्या लक्षात आलं होतं. वरून घेतलेला एक स्वच्छ ब्लॅक-अँड-व्हाइट फोटो पुरे होता. डेव्हलपिंग मीच करणार होते.

जागा होती देवास रोडवर, शेवटच्या कॉलनीच्याही पुढे. वीटभट्टीसाठी माती काढून काढून तिथे मोठा खड्डा झाला होता, आणि पावसाळ्यात त्याचं तळं व्हायचं. आम्ही तिच्या मोपेडवरून संध्याकाळी पाचला निघायचो. मागे मी, गळ्यात कॅमेरा, मांडीवर बादली, आणि पायात बाबांचे गमबूट, जे मला दोन नंबर मोठे होते. पहिल्याच दिवशी एक गमबूट चिखलात उभा राहिला आणि मी त्यातून निघून पुढे पडले. कॅमेरा मी हात वर करून वाचवला. ती धावत आली, वाकली आणि माझ्या कोपराखालून अलगद एक बेडूक उचलून म्हणाली, "वाचला."

काम असं चालायचं: ती बेडूक धरायची, ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवायची, मी फोटो घ्यायची, ती वहीत नंबर आणि जागा लिहायची, आणि बेडूक जिथला तिथे. मला त्यांना नावं ठेवायची होती. तिने साफ मना केलं.

"बेडकांना नंबर द्यायचे. नावं ठेवायला माणसं आहेत."

माणसं होतीच. दोन बायका रोज संध्याकाळी चिखलात वाकून काय करतात, हे बघायला कॉलनीतले लोक फिरायला म्हणून येऊ लागले. एकदा एका निवृत्त गृहस्थांनी विचारलं, "बेटी, क्या ढूँढ रही हो?" तिला तेव्हा बेडूक हातातून सोडायचा नव्हता आणि बोलायचंही नव्हतं. ती तोंडाला येईल ते बोलली, "चश्मा गिर गया, अंकल."

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ टॉर्च घेऊन आले. तिसऱ्या दिवशी काठी आणि नातेवाईक घेऊन आले. त्यांच्या शोधमोहिमेने आमचे सगळे बेडूक पाण्यात तळाला जाऊन बसले. चौथ्या दिवशी त्यांनी घरातला एक जुना चष्मा आणून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "तब तक इससे काम चलाओ." तिने तो घातला. त्यातून तिला काहीच दिसत नव्हतं, पण ते तिथून जाईपर्यंत ती तो घालून मान डोलवत राहिली. मग मात्र तिने त्यांना गाठून खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. "पहले बोल देतीं," एवढंच म्हणाले, आणि चष्मा परत घेऊन गेले.

फोटो साठत गेले तसा ते लावायचे कशात हा प्रश्न आला. आमच्याकडे लग्नाचे रिकामे अल्बम पडलेले असत, वर सोनेरी अक्षरात "शुभ विवाह" छापलेले. त्यातला एक मी तिला दिला. एका पानावर चार बेडूक, खाली नंबर, तळ्याचा कोपरा आणि दिवस.

पानं कोपऱ्यांप्रमाणे लावायची कल्पना तिला क्षिप्रेवरच्या रामघाटावर सुचली. एका रविवारी आम्ही तिथे पायऱ्यांखालचे छोटे बेडूक बघायला गेलो होतो. घाटावरच्या एका पंडितजींना वाटलं आम्ही श्राद्धाला आलोय. त्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि लांबलचक वही काढून तिच्या खापरपणजोबांची ओळ दहा मिनिटांत शोधून दाखवली. यात्रेला कधी आले, कुणाबरोबर आले, सगळं. मला वाटलं आता ही गहिवरणार. पण तिला खापरपणजोबांशी काही देणंघेणं नव्हतं. ती वहीचे कप्पे बघत होती. "महाराज, पहले गाँव, फिर जात, फिर घर, ऐसे लगाया है न?" तिने विचारलं. पंडितजी खूश झाले आणि त्यांनी सगळी रचना समजावून दिली. दुसऱ्या दिवशी बेडकांचा अल्बम त्याच रचनेने नव्याने लावला गेला. आधी काठ, मग कोपरा, मग बेडूक.

तो अल्बम स्टुडिओतच असायचा, काउंटरवर. एकदा एक बाई मुलाचा फोटो काढायला आल्या होत्या, मुलगा आत केस विंचरत होता. त्यांनी लग्नाचा अल्बम समजून तो उघडला आणि बंद केला नाही. पानं उलटत राहिल्या. मी बाहेर आले तेव्हा एका पानावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हा जरा बरा आहे का गं यांच्यात? बाकीच्यांना मानच नाही."

पहिला पावसाळा असा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात बेडूक परत आले, आणि त्यांतले पुष्कळसे अल्बममधले निघाले. मी डार्करूममध्ये कागदावर चित्र उमटताना बघायची आणि ओळखीचे ठिपके दिसले की बाहेर ओरडून सांगायची, "सत्तावीस आला." बाबा काउंटरवरून म्हणायचे, "बसायला सांग." खरं सांगायचं तर मला तोवर हे तिचं वेड वाटत होतं आणि मी मैत्रीखातर करत होते. सत्तावीस आला तेव्हा पहिल्यांदा मी तिच्याआधी मोपेडपाशी जाऊन उभी राहिले.

त्याच वर्षी एक भानगड झाली. दुपारी शेजारच्या एसटीडी बूथवाल्याने हाक मारली की कॉलेजातून फोन आहे. मी रिसीव्हर घेतला.

"अल्बम घेऊन ये," ती म्हणाली. "आत्ता. रिक्षाने ये."

"काय झालं?"

"चौदा नंबर इथे आहे. बादलीत."

मला उलगडा झाला तसा मी अल्बम काखेत मारून निघाले. कॉलेजात प्रॅक्टिकलसाठी बेडूक पुरवणारा एक म्हातारा होता. त्याने त्या सकाळी पोतं भरून बेडूक आणले होते आणि ते बादल्यांत टाकून वर जाळी ठेवलेली होती. क्लोरोफॉर्मची बाटली टेबलावर होती. तिने मोजायला म्हणून जाळी उचलली आणि तिला वरच चौदा दिसला. पाठीवरची रेघ कमरेपाशी तुटलेली, आणि डाव्या खांद्यावर चुलीच्या दगडांसारखे तीन ठिपके.

मी पोचले तेव्हा प्रयोगशाळेत चाळीसेक मुलं भिंतीला टेकून उभी होती. ती बादलीवर हात ठेवून उभी होती आणि समोर तिचे सर होते.

"मैडम, ये कॉलेज का मेंढक है," सर सांगत होते. "रजिस्टर में चढ़ गया है."

"सर, मेरे पास इसका फोटो है."

"सब मेंढक एक जैसे होते हैं."

"तो आप मिला लीजिए."

मी पुढे होऊन अल्बम सरांच्या हातात दिला. त्यांनी वरचं "शुभ विवाह" वाचलं, माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि काही न विचारता उघडला. तिने पान काढून दिलं. सरांनी खिशातलं भिंग काढलं. सर कडक होते, पण आळशी नव्हते. त्यांनी चौदा नंबरला ट्रेमध्ये ठेवायला लावलं आणि एकेक ठिपका बघायला सुरुवात केली. एक मिनिट, दोन मिनिटं. मग ते म्हणाले, "हूँ." मग खुर्ची ओढून बसले.

"दूसरा लाओ," ते म्हणाले.

दुसरा अल्बममध्ये नव्हता. तिसराही नव्हता. चौथ्याला त्यांनी स्वतःच पानं उलटत शोधून काढला आणि भिंग टेबलावर आपटून म्हणाले, "इकतीस नंबर. देखो, इकतीस." त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्याला हरवलेलं पाकीट सापडावं तसा आनंद होता. मग मुलंही पुढे सरकली. एकेक बेडूक ट्रेमध्ये, आणि अल्बमभोवती वाकलेली डोकी. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा तीन बेडूक ओळखीचे निघाले होते आणि कुणी एकही कापला नव्हता. सरांनी रजिस्टरमध्ये तीन आकडे खोडून शेजारी सही केली.

तिघांना तिने डब्यात भरलं. तेवढ्यात चष्मा लावलेल्या एका बारक्या मुलीने विचारलं, "मैडम, जिनका फोटो नहीं है, उनका क्या?"

तिने डब्याची कडी लावली. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांचं प्रॅक्टिकल झालं, आणि ते तिनेच घेतलं, कारण ते तिचं काम होतं. पण आदल्या संध्याकाळीच आम्ही तिघांना खड्ड्यावर नेऊन सोडलं होतं. परत येताना ती मोपेड थांबवून मागे न बघता म्हणाली, "उद्यापासून जेवढे दिसतील तेवढ्यांचे काढ. आकार बघू नकोस."

तिसऱ्या दिवशी तो बेडूक पुरवणारा म्हातारा स्टुडिओत आला. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर रिकामं पोतं. पावसाळ्यात बेडूक आणि एरवी मासे, असा त्याचा धंदा.

"मेंढक का फोटो यहाँ खिंचता है?" त्याने विचारलं.

बाबांनी त्याला खुर्ची दिली आणि माझ्याकडे बोट केलं.

"कॉलेज वाले बोलते हैं, फोटो वाला मेंढक मत लाना," तो म्हणाला. "अब मैं क्या शकल देख-देख के पकड़ूँ?"

त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. मी चहा मागवला आणि बूथवरून तिला फोन केला. ती आली, माफी मागितली, आणि निदान आपण काय करतोय हे कळावं म्हणून त्याच्यासमोर अल्बम ठेवला. त्याने बोटं धोतराला पुसली आणि पान उलटलं.

"ये पुलिया के बाजू में बैठता है," तो म्हणाला. पुढचं पान. "ये बबूल के नीचे. ये और ये, दोनों लड़ते हैं. ये बुड्ढा है, तीन-चार बरसात से देख रहा हूँ, उधर ईंटों के पास."

मैत्रिणीने वही काढली. तो एकेक फोटोवर बोट ठेवून जागा सांगत होता आणि ती वहीतल्या नोंदीशी ताडून बघत होती. दोन पावसाळे चिखलात लोळून आम्ही जे जमवलं होतं, ते त्याने चहा निवायच्या आत सांगून टाकलं. एका ठिकाणी त्याचं आणि वहीचं जमलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं तर चूक वहीची होती.

"आप पहचानते कैसे हैं?" तिने विचारलं.

"बैठक से. हर एक की बैठक अलग है, बाई."

तिने ते तसंच्या तसं लिहून घेतलं. मग दोघांचं ठरलं. तो या खड्ड्यातले बेडूक धरणार नव्हता, पलीकडच्या नाल्यातले धरणार होता. आठवड्यातून दोनदा तो आमच्याबरोबर यायला कबूल झाला. बदल्यात काय हवं, असं तिने विचारलं तेव्हा तो जरा लाजला आणि त्याने सांगितलं, त्याला स्वतःचा फोटो हवा होता. रंगीत. त्याचा आजवर एकही फोटो निघालेला नव्हता.

बाबांनी त्या दिवशी मोतीबिंदूला न जुमानता कॅमेरा स्वतः हातात घेतला. म्हातारा तळ्याच्या पडद्यासमोर स्टुलावर बसला, दोन्ही हात मांड्यांवर रोवून, कोपरं बाहेर काढून, छाती फुगवून. मैत्रीण माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बैठक बघ. अगदी एकवीस नंबर." मला हसू आवरेना म्हणून मी डार्करूममध्ये जाऊन उभी राहिले. रंगीत रोल तेव्हा इंदूरला धुवायला जायचे. देवास गेटच्या बसस्टँडवर बसच्या कंडक्टरच्या हातात पाकीट द्यायचं, आणि तीन दिवसांनी त्याच्याकडूनच घ्यायचं. तो फोटो फार चांगला आला. म्हाताऱ्याने तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "मेरे दोनों कान आए हैं न?" बाबांनी त्याला तोवर नियम सांगून ठेवला होता.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात खड्ड्याच्या कडेने चुन्याच्या रेघा ओढल्या गेल्या आणि पाटी लागली की प्लॉट विकणे आहे. मे महिन्यात खड्डा बुजवायला मुरमाचे ट्रक आले. आम्ही तिघांनी जाऊन विनंती केली. प्लॉटवाला सज्जन होता, त्याने थंड बाटल्या पाजल्या आणि विचारलं, "बहनजी, मेंढक के लिए?" त्याला आम्ही काय सांगणार होतो? पावसाच्या तोंडावर भेगांतून आणि दगडांखालून जेवढे बेडूक निघाले तेवढे आम्ही बादल्यांत भरून नाल्यापलीकडच्या डबक्यात नेऊन सोडले. म्हातारा सोडताना म्हणत होता, "नहीं रुकेंगे. देख लेना."

ते थांबले नाहीत. पावसाची चांगली झड लागल्यावर आम्ही गेलो, तर मुरमाच्या नव्या रस्त्यावर, जिथे पाणी नव्हतं आणि चिखलही नव्हता, तिथे ते बसलेले होते. ज्याचा जो कोपरा, तिथेच. बाभूळ तोडलेली होती, पण बाभळीखालचा बेडूक बाभळीच्या जागी होता. एका प्लॉटवर घराचा पाया खणला होता, त्यात पाणी साठलं होतं आणि पाण्यात एकवीस नंबर कोपरं काढून बसला होता. मालक पूजेला आलेला. पुरोहिताने बेडूक बघून शुभ आहे म्हणून सांगितलं आणि त्याच्यावरही दोन अक्षता टाकल्या.

मैत्रीण पायाच्या कडेला उकिडवी बसली. तिने वहीत लिहिलं, "२१. परतला." मग पेन बंद करून तशीच बसून राहिली. मी फोटो घेतला. तिने डोळे पुसले का, ते मी बघितलं नाही. पावसात तसंही कळलं नसतं.

तोच तिच्या प्रबंधाचा शेवटचा भाग झाला. जागा गेली तरी बेडूक जागा सोडत नाहीत, आणि त्याचा त्यांना तोटाच होतो, हे तिला फोटोंवरून दाखवता आलं. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. मी आणि बाबा मागच्या खुर्च्यांवर बसलो होतो. परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला की तोच बेडूक होता हे कशावरून? ती तोंड उघडणार तोच तिचे सर उभे राहिले. "मैंने खुद मिलाया है," ते म्हणाले. "लेंस से." आणि पुढची दहा मिनिटं चौदा आणि एकतीस नंबरची हकिकत त्यांनीच सांगितली.  नंतर ती मला म्हणाली, माझ्यापेक्षा त्यांनी छान सांगितलं.

पुढच्याच वर्षी ती उज्जैन सोडून दक्षिणेतल्या एका संस्थेत गेली. तिथल्या डोंगरांतल्या जंगलात नखाएवढे बेडूक असतात, पानाच्या मागच्या बाजूला राहणारे, त्यांच्यावर ती पुढची वीस-बावीस वर्षं काम करत राहिली. लग्न तिने केलं नाही. घरच्यांनी विचारलं की म्हणायची, वेळच मिळाला नाही, आणि ते खरं होतं. मी एकदा आठ दिवस तिच्याकडे राहून आले. तिने मला बेडूक दाखवायला एका झाडाखाली पाऊण तास उभं केलं. माझ्या पायाला अकरा जळवा लागल्या, बेडूक दिसला नाही. ती कुजबुजून सांगत होती, "तो बघ, तो बघ." मी शेवटी खोटंच म्हणाले, "हो, दिसला." ती म्हणाली, "कुठे? मलाही अजून दिसला नाही, नुसता ऐकू येतोय."

बाबा गेले, स्टुडिओची मी कलर लॅब केली, मग मोबाइल आले आणि लॅबही बंद केली. तिचा फोन दर पंधरवड्याला यायचा. शेवटच्या वर्षी ती आजारी होती आणि अंथरुणावरूनच बोलायची. आजाराबद्दल दोन वाक्यं, बाकी इकडचं तिकडचं. एकदा भाद्रपदात तिचा संध्याकाळी फोन आला, मी पोळ्या करत होते.

"तुझ्याकडे मागे काहीतरी ओरडतंय," ती म्हणाली.

"बेडूक आहे. कूलरच्या टाकीत येऊन बसलाय."

"फोन धर ना जरा खिडकीबाहेर."

मी गॅस बारीक केला, मोबाइल स्पीकरवर टाकला आणि हात खिडकीच्या गजातून बाहेर काढला. मला तो एकच सूर ऐकू येत होता, टर्र, मग थोडं थांबून टर्र. बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं फोन कटला.

"दोन आहेत," ती म्हणाली. "एक टाकीत आणि एक लांब, भिंतीपलीकडे. हा थांबला की तो बोलतो."

मी कान देऊन ऐकलं. मला अजूनही एकच ऐकू येत होता.

"आला का ऐकू?"

"नाही."

"मग थांब थोडी," ती म्हणाली. मी हात तसाच बाहेर धरून उभी राहिले. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला, पण मी गेले नाही.